डच आयबॅन जर्मनीत चालत नाही म्हणे, खरंय का हे?

आयंडहोवनचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

चार वर्षं आयंडहोवनला होतो, गेल्या महिन्यात नोकरी बदलून म्युनिकला आलोय. बँकेचं खातं तिकडचंच ठेवलंय, म्हणजे नेदरलँड्सचं, त्यामुळे आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, डच. युरोतच आहे, कार्ड इथं चालतं, ॲप चालतं, मग कशाला उगाच दुसरं खातं काढत बसा असा विचार केला. आणि आता तीन ठिकाणी अडकलोय.

पहिलं म्हणजे ऑफिसातल्या पगार बघणाऱ्या बाईंचा मेल आला की जर्मन खात्याचा नंबर द्या, आम्ही परदेशी खात्यात पगार टाकत नाही. दुसरं जिम, तिथला पोरगा तोंडावर म्हणाला की आमच्याकडे डायरेक्ट डेबिट, म्हणजे दर महिन्याला आम्हीच खात्यातून पैसे काढून घेतो ते, फक्त जर्मन खात्यावरून. तिसरी वीज कंपनी. हे सगळ्यात भारी. त्यांच्या वेबसाइटवर आयबॅन भरायला २२ चौकोन आहेत, पहिल्या दोनात डी आणि ई आधीच भरलेले, करड्या रंगात, खोडायला गेलं तर खोडत नाहीत. माझा आयबॅन १८ चाच, सुरुवात एनएल ने, आणि मधे बँकेची चार अक्षरं येतात. ती अक्षरं टाकली की चौकोन लाल होतात आणि खाली येतं, कृपया फक्त आकडे लिहा. अरे पण माझ्या नंबरात अक्षरंच आहेत तर मी काय करू.

मी तर ऐकलं होतं की युरोपात बँकांचं सगळं एक झालंय, सेपा का काय ते. मग हे काय चाललंय? जर्मन खातं काढावंच लागेल का? एका बँकेत ऑनलाइन प्रयत्न केला तर व्हिडिओवर ओळख पटवताना म्हणे भारतीय पासपोर्ट चालत नाही, पोस्टात जाऊन करा, आणि सोबत पत्त्याची नोंदणी झाल्याचा कागद लावा. त्या नोंदणीची, म्हणजे आनमेल्डुंगची, अपॉइंटमेंट मिळालीय तीन आठवड्यांनंतरची. पगार २८ तारखेला. काय करू सांगा.

वकील_नाही_पण

पाहुणे, तुमचं बरोबर आहे आणि त्या तिघांचं चूक आहे. ह्या प्रकाराला इकडे आयबॅन डिस्क्रिमिनेशन म्हणतात, म्हणजे खात्याच्या नंबरातली पहिली दोन अक्षरं बघून माणसाला परत पाठवायचं. मी फ्रँकफर्टला कंप्लायन्समधे काम करते, रोज हेच बघते.

युरोपियन युनियनचा २०१२ चा २६० नंबरचा रेग्युलेशन आहे, त्यातलं कलम ९ फक्त ह्याच गोष्टीसाठी लिहिलंय. त्याचे दोन भाग आहेत आणि तुमच्या केसमधे दोन्ही लागतात. पहिला भाग पैसे देणाऱ्यासाठी, म्हणजे तुमची कंपनी. जी युनियनमधल्या कुठल्यातरी खात्यात युरो पाठवते तिनं समोरच्याचं खातं कुठल्या देशात असावं हे सांगायचं नाही. दुसरा भाग पैसे घेणाऱ्यासाठी, म्हणजे जिम आणि वीजवाले. ते डायरेक्ट डेबिट घेत असतील तर खातं कुठल्या देशातलं हे ठरवायचा हक्क त्यांना नाही. जिमनं उद्या डायरेक्ट डेबिट पूर्ण बंद केलं आणि दर महिन्याला तुम्हीच ट्रान्सफर करा म्हटलं तर चालेल, पण ठेवलं तर सगळ्या देशांसाठी ठेवावं लागेल.

ह्यावर केसही झालीय. ऑस्ट्रियातली ग्राहक संघटना विरुद्ध डॉइचे बान, म्हणजे इथली रेल्वे. रेल्वेच्या साइटवर डायरेक्ट डेबिटनं तिकीट काढायचं तर जर्मनीत राहत असायला हवं अशी अट होती. केस लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेली आणि ५ सप्टेंबर २०१९ ला निकाल आला की ही अट चालणार नाही, कारण माणूस जिथं राहतो तिथंच बहुतेक त्याचं खातं असतं, म्हणजे राहण्याची अट घालणं हे आडून खात्याचा देश ठरवणंच झालं. रेल्वे म्हणत होती की पैसे बुडतील त्याचं काय, तर कोर्ट म्हणालं पैसे आल्याची खात्री झाल्यावर तिकीट द्या, कोणी अडवलंय.

ऑफिसला अगदी दोन ओळींचा मेल टाका, शांतपणे, रेग्युलेशनचा नंबर आणि कलम लिहून. बहुतेक वेळा पगारवाल्यांना खरंच माहीत नसतं. जिमनं ऐकलं नाही तर वेटबेवेर्ब्सत्सेंट्राले म्हणून संस्था आहे, चुकीच्या धंद्याच्या पद्धतींवर लक्ष ठेवणारी, तिच्याकडे खास ह्याच तक्रारींसाठी खिडकी आहे.

कोरडी_भेळ

ताई सगळं बरोबर, पण मी ह्याला दुसरा सल्ला देतो. भांड भांड भांडशील आणि २८ तारखेला पगार अडकेल. इकडे सहा वर्षं आहे मी. कायदा आपल्या बाजूनं असणं आणि पगार खात्यात पडणं ह्यात जर्मनीत दोन पत्रं आणि एक फॅक्स एवढं अंतर असतं. गुपचूप जर्मन खातं काढ.

आणि बँक नाही म्हणत असेल तर बाझिसकोंटो माग. युनियनमधे कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळायचा हक्क आहे, जर्मनीत २०१६ पासून कायदाच आहे, अर्ज पूर्ण भरून दिला की दहा कामाच्या दिवसांत त्यांना खातं द्यावं लागतं. कायम पत्ता नसलेल्यालाही नाकारता येत नाही, तर तुला आनमेल्डुंग नाही म्हणून कसं नाकारतील. फी थोडी घेतात ते वेगळं.

वकील_नाही_पण

बाझिसकोंटोचं चांगलं सांगितलंत. पण प्रत्येकानं गुपचूप खातं काढलं म्हणूनच ते २२ चौकोन अजून तसेच आहेत ना.

कोरडी_भेळ

ते पण खरंय म्हणा.

बॅकएंड_कोथरूड

२२ चौकोन वाचलं आणि जुनी जखम उघडली. मंडळी ते चौकोन माझ्यासारख्यांनीच बनवलेत, माफ करा.

२०१२ ते १४ पुण्यात हिंजवडीला एका युरोपियन बँकेच्या प्रोजेक्टवर होतो, नाव नको, काम हेच, सेपा मायग्रेशन. तेव्हा जरा आत डोकावून बघायला मिळालं की हे ‘एक’ करणं म्हणजे किती उपद्व्याप होता. युरोच्या नोटा आल्या २००२ ला, खिशातला पैसा एक झाला पण बँकेतला नाही झाला. जर्मनीत खातं म्हणजे कोंटोनुमर, म्हणजे खाते क्रमांक, आणि बँकेचा आठ आकडी कोड, फ्रान्समधे त्यांचं वेगळंच आणि शेवटी दोन आकड्यांची चावी, हॉलंडचं आणखी वेगळं. प्रत्येक देशाची फाइल वेगळी, क्लिअरिंग वेगळं, डायरेक्ट डेबिटचे नियम वेगळे. सरकारांनी आधी दरावर घाव घातला, २००१ चा रेग्युलेशन, की देशातल्या देशात युरो पाठवायला जे घेता तेवढेच शेजारच्या देशात पाठवायला घ्या. कार्ड आणि एटीएमला हे जुलै २००२ पासून, ट्रान्सफरला जुलै २००३ पासून. आता विचार करा, आतमधे पाइप वेगळेच आहेत आणि बाहेर दर मात्र एकच लावायचा, म्हणजे बँकांना प्रत्येक परदेशी ट्रान्सफर अंगावर यायला लागली. मग बँका आपणहून म्हणायला लागल्या की पाइपच एक करू. त्यांनी २००२ ला युरोपियन पेमेंट्स काउन्सिल काढली, २८ जानेवारी २००८ ला सेपाची ट्रान्सफर सुरू झाली, नोव्हेंबर २००९ ला डायरेक्ट डेबिट.

आणि लोकांनी काय केलं? काही नाही. जुनं चालतंय ना, मग कशाला हात लावा. नवीन आणि जुनं दोन्ही शेजारी शेजारी चालू, दोन्हीचा खर्च. शेवटी पाहुण्यांच्या त्या २०१२ च्या रेग्युलेशननं तारीख ठोकली, १ फेब्रुवारी २०१४, त्यानंतर जुनं बंद. आमच्या टीमनं दिवाळी ऑफिसात काढली, डिसेंबरात सुट्ट्या रद्द, मॅनेजरनं भिंतीवर किती दिवस उरले ते लिहायला पांढरा बोर्ड लावलेला. आणि ९ जानेवारीला, म्हणजे जेमतेम तीन आठवडे उरले असताना, ब्रसेल्सहून बातमी की अजून सहा महिने देऊ, बऱ्याच कंपन्या तयार नाहीत. १ ऑगस्ट झाली तारीख. बोर्डवर २३ लिहिलेलं होतं ते कुणीतरी पुसून २०४ केलं आणि आम्ही सगळे खाली चहाला गेलो, कोणी काही बोललं नाही.

आता चौकोनांचं. आयबॅन बरोबर आहे का हे बघायची रीत सगळ्या देशांना एकच आहे. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी आकडे टाकायचे, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ असं करत झेड म्हणजे ३५, आणि जो लांबलचक आकडा तयार होतो त्याला ९७ नं भागायचं, बाकी १ उरली तर ठीक. बस. नॉर्वेचा १५ चा असो नाहीतर माल्टाचा ३१ चा, हीच रीत. देशाप्रमाणे लांबीचं एक टेबल लागतं तेवढंच. पण जर्मन क्लायंट म्हणतो आमचे ग्राहक सगळे जर्मन, डीई पक्कं करून टाका, दोन अक्षरं फिक्स, पुढे वीस आकडे, टायपिंगच्या चुका कमी होतील. डेव्हलपर म्हणतो झालं. टेस्टर म्हणतो पास. आणि बारा वर्षांनी पाहुणा म्युनिकमधे लाल चौकोनांसमोर बसतो.

तर्रीवाला

एवढं रामायण ऐकून एकच वाटतं, आपलं यूपीआय बघा, भाजीवाल्याला स्कॅन करून दोन सेकंदात. हे युरोपवाले ९७ नं भागतायत अजून.

बॅकएंड_कोथरूड

तर्रीवाले, यूपीआयचा अभिमान मलाही आहे, पण तुलना जरा तोलून करा. यूपीआय २०१६ ला आलं तेव्हा एक देश, एक रिझर्व्ह बँक, पेमेंट चालवणारी एकच संस्था, एनपीसीआय, आणि खाली बँकांमधली झटपट ट्रान्सफर, आयएमपीएस, आधीच चालू होती. इकडे सेपात आता ४१ देश आहेत, सर्बिया आणि मोल्दोवा धरून, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त देशांचं चलनच युरो नाही, तरी युरोच्या ट्रान्सफरला नियम एक. यूपीआयवरून ढाक्याला किंवा कोलंबोला कुणाच्या खात्यात पगार टाकून दाखवा, मग बोलू.

बाकी वेगाचं म्हणाल तर इन्स्टंट इकडेही २०१७ पासून आहे, दहा सेकंदात, रविवारी रात्रीही. फक्त बँका त्याचे जास्त पैसे घ्यायच्या म्हणून कोणी वापरत नव्हतं. २०२४ मधे कायदा केला की साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. युरोवाल्या देशांतल्या बँकांना जानेवारी २०२५ पासून इन्स्टंट घ्यावं लागतं आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठवता आलं पाहिजे.

झुरिकची_मावशी

मधेच बोलते, कारण सेपा म्हणजे सगळं फुकट असा समज करून आमच्या पुतण्यानं घोळ घातला. स्वित्झर्लंड सेपात आहे पण युनियनमधे नाही. त्यामुळे तो आत आणि बाहेर सारखाच दर घ्यायचा नियम आम्हाला लागत नाही, बँक आपलं दरपत्रक लावते. आणि सेपा फक्त युरोसाठी. फ्रँकच्या खात्यावर कोणी युरो टाकले की बँक आपल्या दरानं बदलून घेते, त्यात कापलं जातं ते सेपाच्या डोक्यावर फोडायचं नाही. इंग्लंडचंही तसंच, ब्रेक्झिटनंतर सेपात राहिले पण बाहेरचे झाले. इंग्लंडचा आयबॅन जर्मनीतल्या कुणी नाकारला तर ते कलम ९ दाखवून उपयोग नाही, ते युनियनमधल्या खात्यांपुरतं आहे, नॉर्वे आइसलंड वगैरे धरून.

पाहुण्या, तुझं खातं डच आहे म्हणजे तुझी बाजू भक्कम आहे रे. जेवून घे आणि मग मेल लिही, रागात लिहू नकोस.

नावात_काय_नाही

एक गोष्ट कोणी सांगितली नाही ती मी सांगते, कारण मराठी माणसाला हमखास नडते. पगाराचा मेल लिहिताना आयबॅनसोबत खात्यावर नाव कसं आहे ते जसंच्या तसं द्या. त्याच ९ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रान्सफर करण्याआधी बँक नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासते, फुकट. जुळलं तर हिरवं, थोडं इकडेतिकडे असेल तर पिवळं येतं आणि खरं नाव दाखवतात, अजिबात नाही जुळलं तर लाल.

आता आपलं नाव बघा. पासपोर्टवर दिलेल्या नावात स्वतःचं आणि वडिलांचं एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. डच बँक नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहिते. ऑफिसात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. माझं तर आणखी भारी, पासपोर्टवर मधलं नाव अजून वडिलांचं आणि आडनाव नवऱ्याचं, कारण रिन्यू करताना अर्धवट बदललं. घरमालकीणबाईंनी डिपॉझिट परत करायला माझं नाव टाकलं तर लाल आलं, बिचाऱ्या घाबरल्या, मला फोन करून विचारतात तुम्ही नक्की कोण. मी म्हटलं अहो मीच ती, फक्त आमच्यात मधे बाप नाहीतर नवरा असतो. लाल येऊनही पाठवायचं का हे पाठवणाऱ्याच्या हातात आहे, पण इशारा डावलून पाठवले आणि चुकीकडे गेले तर जबाबदारी त्याची, म्हणून लोक थांबतात. कंपन्या एकगठ्ठा पगार पाठवताना ही तपासणी बंद ठेवू शकतात, त्यामुळे पगारात कदाचित नडणार नाही, पण आधीच नीट दिलेलं बरं.

कोरडी_भेळ

जिमबद्दल अजून एक, डायरेक्ट डेबिटला बिचकू नका. खात्यातून गेलेले पैसे आठ आठवड्यांत कारण न देता परत मागता येतात, ॲपमधे त्या ओळीवर दाबलं की येतं. मँडेटच, म्हणजे पैसे काढायची परवानगीच, दिली नव्हती तर तेरा महिने. पण हे करून करार संपत नाही बरं का. मी जिमला कंटाळून पैसे परत घेतले, नोटीस द्यायची विसरलो, मग मानुंग, म्हणजे थकबाकी भरा अशी ताकीद, आलं, मग वसुलीवाल्यांचं पत्र, शेवटी जिमच्या तिप्पट भरले. चूक माझीच.

तर्रीवाला

भेळ, तू जिमला जायचास हीच बातमी आहे.

आयंडहोवनचा_पाहुणा

अपडेट देतो, उशीर झाला.

पगार: ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन ओळींचा मेल टाकला, कलमासकट, नाव डच बँकेत जसं आहे तसं लिहून. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचं उत्तर, सॉरी, आमच्या सॉफ्टवेअरमधे परदेश म्हणजे सगळंच परदेश दाखवतं, मी आयटीला विचारलं, चालतंय. २८ ला सकाळी पगार जमा. मावशी, जेवूनच लिहिलं होतं.

जिम: तो पोरगा अजूनही नाहीच म्हणतोय. तक्रार टाकलीय, बघू. तोपर्यंत नदीकाठी पळतो, ते फुकट आहे.

वीज: फोनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, मग एका आजोबांसारख्या आवाजाच्या माणसानं सांगितलं की कॉम्प्युटरचं मी काही करू शकत नाही पण कागदी फॉर्म पाठवतो. फॉर्म पोस्टानं आला. उघडला तर त्यावरही तेच २२ चौकोन, डीई छापलेलं. मी परत फोन केला, तेच आजोबा, म्हणाले पेन आहे ना घरात? मग डीईवर काट मारली, वर बारीक अक्षरात एनएल लिहिलं, बँकेची चार अक्षरं सगळी मोठी लिपी करून चौकोनात बसवली, आणि शेवटचे चार चौकोन उरले त्यात आडवी रेघ ओढली.

काल पैसे गेले खात्यातून.

बॅकएंड_कोथरूड

कागदावरचा फॉर्म निदान अक्षरं लिहिताना लाल तरी होत नाही. तो स्कॅन करून कुणीतरी हातानं टाइप केला असणार बघ, म्हणजे आतल्या सिस्टीमला एनएल चालतंय, फक्त बाहेरच्या पानाला नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट असेल तर टाक, आमच्या नव्या पोरांना टेस्टिंग शिकवताना दाखवतो.

आयंडहोवनचा_पाहुणा

हो आहे, लाल चौकोनांसकट. नाव झाकून टाकतो.